रेघेवर बसलेले ठिपके

नेत्रा नक्की काय काम करते, हे तिच्या सासूबाईंना अजून नीट सांगता येत नाही. त्या शेजारणीला सांगतात, "सून तेलाच्या कंपनीत आहे," आणि शेजारीण विचारते, "खोबरेल का गोडंतेल?" खरं तर काम एका वाक्याचं आहे. समुद्रातल्या तेलविहिरीत पाइप घालताना आणि काढताना तो भोकाच्या भिंतीला किती घासेल, आणि त्यापायी वरच्या हुकावर किती टन ओझं येईल, हे ती आधी सांगते. पण रत्नागिरीत घरात बसून समुद्राच्या पोटातलं घासणं सांगणारी बाई म्हटल्यावर लोकांना वाटतं की ही एक तर थापा मारते किंवा हिच्या अंगात तरी येतं.

विहीर सरळ असती तर नेत्राला ही नोकरीच मिळाली नसती. पण हल्ली समुद्रात एका जागी रिग, म्हणजे खोदकामाचा मनोरा, उभी करतात आणि तिथूनच चारी दिशांना वाकड्या विहिरी काढतात. काही अंतर सरळ खाली जायचं, मग वळायचं, आणि पुढे जवळजवळ आडवंच व्हायचं. आडव्या भोकात पाइप तळाला अंग टाकून पडतो. वर ओढावा तर त्याच्या वजनापेक्षा जास्त जोर लागतो. खाली सोडावा तर घासण्यातच त्याचं वजन खर्ची पडतं. हे सगळं एका आकड्यावर ठरतं. ऑफिसात त्याला फ्रिक्शन फॅक्टर म्हणतात. हा आकडा आधी अनुभवाने धरायचा आणि रिगवरून येणाऱ्या वजनांशी ताडून बघायचा. पाइप जरासा उचलून, जरासा सोडून दिवसपाळीचा ड्रिलर, म्हणजे खोदायचं यंत्र चालवणारा, वजनकाट्यावर बघतो आणि कळवतो. संगणकावर नेत्राच्या अंदाजाची रेघ असते आणि कळवलेल्या वजनांचे ठिपके. ठिपके रेघेच्या आसपास राहिले की ठीक. हळूहळू रेघ सोडून लांब जायला लागले की समजायचं, भोकात खडकाचा चुरा साचत चाललाय. मग आधी भोक साफ करावं लागतं, नाहीतर पाइप अडकतो.

ही विहीर नेत्राची पहिली, म्हणजे अंदाजाखाली तिची एकटीची सही असलेली. आणि ठिपके असे बसले होते की विचारू नका. पाइप उचलतानाचे वरच्या रेघेवर, सोडतानाचे खालच्या, सगळे आपापल्या जागी. मुंबईच्या ऑफिसातल्या हेतल मॅडम तिच्या वरिष्ठ. कामाला वाघ आणि कौतुकाला हात आखडता. त्यांनीसुद्धा बैठकीत तो आलेख सगळ्यांसमोर लावला आणि म्हणाल्या, "अंदाज असा असावा." नेत्राने त्या दिवशी घरी आंबोळ्या केल्या, त्याही एरवीपेक्षा बऱ्या झाल्या.

एक गोष्ट मात्र तिने ऑफिसात सांगितली नव्हती. त्या रिगवर वजनकाट्यासमोर बसणारा ड्रिलर तिचा सख्खा मोठा भाऊ होता, दीपक. लग्नानंतर तिचं आडनाव बदलून नाचणे झालं, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित ही विहीर दुसऱ्याकडे गेली असती, म्हणून ती गप्प बसली. शिवाय आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी तिची गत. नीट वजनं घेणारा ड्रिलर मिळावा एवढंच तिचं मागणं होतं, तर मिळाला तो घरचाच.

भोक खणून झालं, दीपकची रिगवरची पाळी संपली आणि तो घरी आला. दुसऱ्या दिवशी नेत्रा लॅपटॉप पिशवीत टाकून मिऱ्याला माहेरी निघाली. निघण्याआधी तिने एक मोठं काम उरकलं होतं. खणलेलं भोक ढासळू नये म्हणून त्यात जाड पोलादी नळ उतरवतात, त्याला केसिंग म्हणतात. तो एकदा उतरवायला घेतला की तळाला पोचायलाच हवा. अर्ध्यात अडकला तर ना धड वर, ना धड खाली, आणि सगळी विहीर मातीमोल. केसिंग स्वतःच्या वजनाने तळापर्यंत जाईल, आधी भोक साफ करायची गरज नाही, असं नेत्राने सकाळीच लिहून दिलं होतं. ठिपकेच तसं सांगत होते. केसिंग संध्याकाळी उतरवायला घेणार होते.

आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिचा लेक घरी आला की त्या घरात दुसऱ्या कोणाला मधला तुकडा मिळत नाही, हे नेत्राला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने शेपटीकडचा तुकडा न बोलता घेतला. दीपक रिगवरच्या गमती सांगत जेवत होता. चार बोटांनी भात कालवता कालवता एकदम म्हणाला, "बाय, तुजी ती मॅडम खूश झाली म्हणे?"

"तुला कोण बोललं?"

"आमच्या टूलपुशरला फोन आला होता तिचा." टूलपुशर म्हणजे रिगवरचा मुख्य. "बोलली, असे आकडे कुठल्याच रिगवरनं येत नाय. मी काय बोललो नाय. मनातल्या मनात हसलो."

"हसायला काय झालं?"

दीपकने आईकडे बघितलं, मग तिच्याकडे. लहानपणी बोरं चोरून आणली की नेत्राच्या परकराच्या ओच्यात टाकताना त्याचा चेहरा व्हायचा, तसाच झाला होता. "तुजी रेघ मोडू दिली नाय मी," तो म्हणाला.

नेत्राला आधी काही समजलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे काय? सुरवातीला काटा तुज्या रेघेच्या जवळपास होता. मग वळणाच्या पुढं जरा वर जायला लागला. तू फोनवर बोललीस ना, दादा, माजी पहिलीच विहीर हाय, भीती वाटते. मी म्हटलं, वाटते तर वाटते, आपण कशाला हावोत? तुजा कागद माज्या समोरच असायचा. त्यावर जे असेल, त्याच्या आसपासचं लिवलं. एकदम तंतोतंत नाय लिवलं हां. मधी एखादा टन वर, एखादा टन खाली. नायतर कळलं असतं."

आई कौतुकाने म्हणाली, "बघ, भाऊ असावा तर असा." आणि तिने त्याला आणखी एक बांगडा वाढला.

नेत्राने ताट बाजूला सारलं.

इथे दीपकला मूर्ख म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तो पाइपवर हात ठेवून खालचं भोक ओळखणारा माणूस. त्याची चूक दुसरीच होती, आणि ती मिऱ्याच्या घरातच त्याच्या अंगात मुरली होती. त्यांचे वडील, आप्पा, होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. तांडेल किनाऱ्यावरून निघताना बोलायचा, आज अमक्या खडकाच्या बाहेर बांगडा लागेल. बांगडा लागायचा कधी तिथे, कधी भलत्याच ठिकाणी. पण परत आल्यावर बंदरावर कोणी विचारलं, कुठे लागला रे, की खलाशी एका तोंडाने सांगायचे, "तांडेल बोलला तिथंच." आप्पांचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, हा होडीवरचा कायदा. खोटं बोलतोय असं कोणाला वाटायचंसुद्धा नाही. मासा तर मिळालेलाच असायचा, मग तो डावीकडे मिळाला की उजवीकडे, याने कोणाचं काय बिघडणार होतं? दीपक आप्पांबरोबर त्या होडीवर गेलेला. बहिणीचा अंदाज कागदावर छापून त्याच्या समोर आला तेव्हा त्याने तोच कायदा चालवला.

"दादा," नेत्रा म्हणाली, "ती वजनं कशाला घेतात तुला माहीत नाही?"

"तुजं बरोबर का चूक ते बघायला."

"अरे, माझी परीक्षा घ्यायला नाही घेत! भोकात काय चाललंय ते आम्हाला त्याच्यावरून कळतं. पुढचं सगळं त्याच्यावरून ठरतं. केसिंग त्याच्यावरून ठरलं."

"हे कोणी सांगितलं आमाला?" दीपक म्हणाला. "ऑफिसातनं एवढंच येतं, वजन घ्या, पाठवा. घेतली, पाठवली."

ते खरं होतं. रिगवर जाणाऱ्या त्या सूचना तिनेच लिहिल्या होत्या. आणखीही एक गोष्ट तिला तेव्हाच कळून चुकली. खरी वजनं कधी इतकी गुणी नसतात. समुद्र हलतो, रिग हलते, पाइप कधी अडखळतो. ठिपके थोडे विखुरतातच. हे तिने स्वतः कंपनीत शिकायला आलेल्या मुलांना सांगितलेलं. पण कौतुक व्हायला लागलं आणि तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

ती उठली, हात धुतले, ओटीवर लॅपटॉप उघडला. दीपकही मागोमाग आला, हात न पुसताच.

"खरा काटा किती वर जात होता?"

"ते कुठं लिवलंय आता?"

"आठवून सांग. शेवटी शेवटी, पाइप वर ओढताना."

दीपकने डोळे मिटले. त्याला आठवायला वेळ लागला नाही. "तुज्या रेघेपेक्षा पंधराएक टन वर. शेवटच्या दिवशी वीससुद्धा गेला एकदा. मी ड्रिलिंग चालवत होतो ना, पाइप फिरत होता, निघून येत होता. मला काय जड गेलं नाय."

फिरणारा पाइप कमी घासतो. केसिंग मात्र न फिरवता उतरवायचं होतं, आणि ते पाइपपेक्षा जाड नि ताठ. नेत्राने नवा आकडा घातला आणि संगणकाला पुन्हा हिशोब करायला लावलं. रेघ वळणापर्यंत ठीक गेली. पुढे आडव्या भागात हुकावरचं वजन उतरत उतरत शून्यावर आलं. म्हणजे तिथे केसिंग थांबणार. वरून ढकलायला वजन नाही, आणि वर ओढायला गेलं तर चुऱ्यात रुतलेलं.

"काय?" दीपकने विचारलं.

"अडकणार. तळापासून बरंच वर. चुरा साचलाय दादा. म्हणून तो काटा वर जात होता."

दीपकचा चेहरा पांढरा पडला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आई एरवी म्हणाली असती, पण तीही दारात नुसती उभी राहिली. तिला टन कळत नव्हते, लेकाचं तोंड कळत होतं.

"संध्याकाळी घेणार ना खाली?" तो म्हणाला.

"हो."

तो खालच्या पायरीवर जाऊन बसला. नेत्राने फोन उचलला.

आता तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला हवं. दीपक डेकवर साखळ्या ओढण्यापासून चढत चढत ड्रिलर झालेला. ड्रिलर झाला तेव्हा आईने मिऱ्यात घरोघरी पेढे दिले होते. केसिंग थांबवायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण म्हणजे दीपक. खोटी वजनं लिहिणाऱ्या माणसाला कुठलीही रिग पुन्हा काट्यासमोर बसवत नाही. त्याला विचारलं तर तो म्हणणार, माझं नाव घेऊ नको. आई रडणार. ती रडली की नेत्रा विरघळणार, काहीतरी गुळमुळीत बोलणार, आणि तिकडे केसिंग खाली जाणार. तिने हे सगळं मनात बघून ठेवलं, अगदी कोण कुठे उभं राहून काय बोलेल इथपर्यंत. म्हणून ती माडीवर गेली आणि दाराला आतून कडी घातली.

हेतल मॅडमनी लगेच फोन घेतला. "बोल नेत्रा. तयारी झाली आहे रिगवर."

"मॅडम, केसिंग थांबवा. आधी पाइप खाली घालून भोक साफ करू या."

"सकाळी तूच लिहून दिलंस की गरज नाही."

"माझा आकडा चुकीचा आहे."

"का? वजनं तर बसली आहेत."

इथे नेत्राने एक पळवाट काढून बघितली. माणूस आहे, बघणारच. "मला वजनकाट्याबद्दल शंका आहे," ती म्हणाली.

"काटा परवाच तपासला. बरोबर आहे." मॅडमचा आवाज शांत होता. "नेत्रा, रिग थांबवायची म्हणजे काय, तुला माहीत आहे. मला कारण लागेल. शंका चालणार नाही. कारण नसेल तर मी ठरल्याप्रमाणे घेते."

नेत्राने खिडकीचा गज धरला. बंधाऱ्यापलीकडे समुद्र होता, भर दुपारचा, पांढरा पडलेला. त्याच्यात कुठेतरी लांब ते भोक होतं. तिला दीपकचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तितकीच मायाही आली.

"वजनं घेतलीच नव्हती मॅडम. म्हणजे घेतली, पण लिहिली वेगळी. माझ्या अंदाजाशी जुळवून लिहिली. दिवसपाळीच्या ड्रिलरने. दीपकने. तो माझा भाऊ आहे. माझा अंदाज बरोबर दिसावा म्हणून केलं त्याने."

मॅडमनी एकच शब्द उचलला.

"भाऊ?"

"हो."

"हे मला आज कळतंय."

"चुकलं मॅडम."

"त्याचं नंतर बघू. खरा फरक किती होता?"

नेत्राने सांगितलं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. "ठीक आहे. केसिंग थांबवते. भोक साफ करायला लावते, वजनं पुन्हा घ्यायला लावते, दोन साक्षीदारांसमोर. विहीर वाचली बहुतेक." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझा भाऊ आता रिगवर परत जाणार नाही, हे तुला समजतंय ना?"

"समजतंय."

"त्याने स्वतः येऊन सांगितलं असतं तर मी काहीतरी बोलू शकले असते त्याच्या बाजूने. आता तक्रार दुसऱ्याकडून आली आहे. चल, ठेवते. रिगला फोन करायचाय."

नेत्राने कडी काढली. जिना उतरताना तिला सुटल्यासारखं वाटत होतं. काम झालं होतं. आता दीपक ओरडला तरी ओरडू दे, आई बोलली तरी बोलू दे.

दीपक पायरीवर नव्हता. तो अंगणाच्या कडेला, माडाखाली उभा होता, जिथे फोनला रेंज चांगली मिळते. फोन कानाला होता. तिला बघून त्याने हाताने खूण केली, थांब. "लाइन लागली," तो हळूच म्हणाला. "मघापासनं लावतोय, आत्ता लागली. टूलपुशरला बोलवायला गेलेत."

"कशाला?"

"कशाला काय? सांगायला नको? मी लिवलं खोटं, मीच सांगणार. तू मधी पडू नको हां बाय, तुजं नाव नाय घेणार मी. बोलणार, माजं मीच केलं, आळस केला. तू त्यातनं बाहेर."

नेत्राला वाटलं, जमीन दुभंगावी.

"दादा, मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"हेतल मॅडमना. सगळं."

"माजं नाव घेतलंस?"

"घेतलं."

दीपकने फोन कानापासून खाली आणला. त्यातून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. त्याने बघितलं आणि फोन बंद केला.

"मग आता मी काय सांगणार?" तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, तू नाही म्हणशील. मला वाटलं, तू..."

"विचारलंस?"

नेत्रा रडायला लागली. ती एवढंच म्हणत राहिली, दादा, चुकलं रे, दादा. आई ओटीवरून विचारत होती, काय झालं गो, कोणी सांगाल काय मला, आणि तिला कोणी काही सांगत नव्हतं.

"तू माडीवर कडी घातलीस," दीपक म्हणाला. "खाली ऐकली मी. म्हटलं, रडायला गेली असेल. आपल्यामुळं तिची नोकरी जाते म्हणून रडत असेल. म्हणून घाई केली."

त्याच्या हातातला फोन वाजला. रिगचाच नंबर होता. दीपक त्याच्याकडे बघत राहिला, वाजू दिला, मग उचलला आणि स्वतः न बोलता तिच्यापुढे धरला.

"घे. तूच बोल. मी काय बोलणार ते तुला आधीच ठाऊक असतं."

नेत्राने डोळे पुसून फोन कानाला लावला. पलीकडे यंत्रांचा घरघराट होता, आणि त्यातून टूलपुशर मोठ्याने म्हणत होता, "हां दीपक, बोल. ऐकतोय मी."